देव्हारा नसलेल्या घरांतील मुलें



आजचा विषय थोडा नाजूक आहे. ज्या घरांत देव्हारा नाहीं, सोंवळेंओंवळें नाहीं, नमाज नाहीं आणि प्रार्थनाही नाहीं, अशा घरांत वाढणाऱ्या मुलांचें संगोपन कसें करावें, हा तो विषय होय. अशीं घरें थोडीं आहेत हें खरें. २०११ सालच्या जनगणनेंत स्वतःची निरीश्वरवादी अशी नोंद करविणारे लोक साऱ्या भारतांत ३३ हजारांच्या आसपास भरले, आणि त्यांतला सर्वांत मोठा वांटा महाराष्ट्राचा होता. धर्म सांगितलाच नाहीं असे लोक याहून पुष्कळ अधिक, म्हणजे २८ लाखांवर निघाले. परंतु न सांगण्याचीं कारणें नाना प्रकारचीं असतात, तेव्हां त्या आंकड्यावरून अनुमान काढण्यांत अर्थ नाहीं. शिवाय देव न मानणारा मनुष्यदेखील शिरगणतीचा कारकून दाराशीं आला म्हणजे बहुधा वडिलांचाच धर्म सांगून मोकळा होतो. म्हणून हा प्रश्न आंकड्यांत दिसतो त्यापेक्षां अधिक घरांतून नांदत असावा, असें मला वाटतें.

मोठ्या माणसाची नास्तिकता ही त्याची स्वतःची मिळकत असते. त्यानें वाचलेलें असतें, वाद घातलेले असतात, क्वचित् बापाशीं अबोला धरलेला असतो. मुलाला मात्र ती आयती मिळते, आणि तिची किंमत मात्र त्यालाच रोज शाळेच्या मधल्या सुटींत मोजावी लागते. सारी अडचण येथें आहे. बाप सभेंत टाळ्या घेऊन घरीं येतो; मुलगा वर्गांत एकटा बसतो.

आपल्या या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे जुन्या औरंगाबादेंत, मुलाला धर्मापासून दूर ठेवूं म्हणणें व्यर्थ आहे. राजाबाजारांतल्या संस्थान गणपतीपुढें ढोल वाजूं लागले कीं आठ वर्षांचें कोणतेंही पोर घरांत राहत नाहीं. नवरात्रांत कर्णपुऱ्याची यात्रा भरते. रमजानांत शहागंजाच्या बाजूस रात्रभर दुकानें उघडीं असतात. एप्रिलांत आंबेडकर जयंतीला निळ्या झेंड्यांनीं रस्ते भरून जातात. नाथषष्ठीला पैठणच्या वाटेवर दिंड्या दिसतात आणि श्रावणांतल्या सोमवारीं वेरूळच्या घृष्णेश्वराकडे गाड्यांची रीघ लागते. या सर्वांत मुलाला एकच प्रश्न पडतो आणि सोबती तोच प्रश्न त्याला विचारतात : “तुम्ही कोण?” आमच्या शहरांत हा प्रश्न हिंदु मुलगा विचारतो, मुसलमान मुलगा विचारतो आणि बौद्ध मुलगाही विचारतो. “आम्ही कांहींच नाहीं,” हें उत्तर तत्त्वज्ञाला शोभेल. पण सात वर्षांच्या मुलाला ‘कांहींच नाहीं’ होऊन चार मुलांत उभें राहतां येत नाहीं. त्याला सांगण्याजोगें कांहीं तरी द्यावें लागतें. “आमच्या घरीं पूजा करीत नाहींत, आजीच्या घरीं करतात,” एवढें साधें, खरें आणि कोणालाही न दुखविणारें वाक्य जवळ असलें तरी त्या वयांत तें पुरतें.

वाक्यांवरून भाषेची गोष्ट निघते. आपली मराठी भाषा देवाधर्मानें इतकी भारलेली आहे कीं निधर्मी घरांतली आईही दूध उतूं गेलें म्हणजे “अरे देवा!” म्हणते. भेटतांना रामराम, शपथ घ्यायची ती देवाची, पाऊस पडला तर देवाची कृपा, आणि मनुष्य मेला तर तो देवाघरीं गेला. हे सारे शब्द घरांतून हद्दपार करावे असें म्हणणारे कांहीं कडवे लोक असतात. मला तो शुद्ध छळ वाटतो. रामराम म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मुलानें रामरामच म्हणावें. तो त्या माणसाला केलेला नमस्कार आहे. फक्त एका शब्दप्रयोगाबाबत मी हट्ट धरीन, तो म्हणजे “देव शिक्षा करील.” हा निधर्मी घरांतही चोरपावलांनीं येतो, कारण तो फार सोयीचा असतो. आईबापांना कारण सांगावें लागत नाहीं. न दिसणारा शिपाई दाराशीं उभा केला कीं काम भागतें. देव मानणाऱ्या घरानें तो शब्द वापरला तर निदान त्या घराची तशी समजूत तरी असते. न मानणाऱ्या घरानें वापरला तर मुलाला धाक मिळतो आणि त्यामागची श्रद्धाही मिळत नाहीं.

मग धाकावांचून नीति येणार कोठून? हा प्रश्न शेजारी विचारतात, आणि रात्रीं झोंप न आलेला बाप स्वतःलाही विचारतो. १९५५ च्या जानेवारींत अॅबर्डीन विद्यापीठांत मानसशास्त्र शिकविणाऱ्या मार्गारेट नाइट या बाईंनीं बी. बी. सी. वरून याच विषयावर भाषणें केलीं होतीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नीतीची गांठ धर्मश्रद्धेशींच मारून ठेवली, तर पुढें श्रद्धा सुटतांच नीतीही त्याच गांठीबरोबर सुटण्याचा धोका असतो. म्हणून मुलांना चांगुलपणाचीं कारणें माणसांच्या व्यवहारांतूनच दाखवावीं. इंग्लंडांत त्या वेळीं केवढा गहजब झाला! एका रविवारच्या वृत्तपत्रानें तर त्या बाईंची संभावना मथळ्यांतच ‘अपवित्र’ अशी केली. रेडिओवरून या विषयावर बोलणाऱ्यास हें उदाहरण विसरतां येत नाहीं.

त्याच्या आधीं, १९३२ सालीं, जाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचा मुलांच्या नैतिक निर्णयांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यासाठीं तो लहान मुलांबरोबर गोट्या खेळत बसला आणि त्यांना खेळाचे नियम विचारीत गेला. अगदीं लहान मुलांना नियम हे मोठ्यांनीं दिलेले, कधींही न बदलणारे वाटत. दहाअकरा वर्षांच्या मुलांना मात्र नियम म्हणजे आपण सर्वांनीं मिळून ठरविलेली गोष्ट आहे, आणि सर्वांची संमति असेल तर ती बदलतां येते, हें समजूं लागलेलें होतें. गुलमंडीच्या बोळांत गोट्या खेळणारीं मुलें पाहिलीं तरी हें पटतें. रडी खाणाऱ्या मुलाला बाकीचीं मुलें खेळांत घेत नाहींत, आणि तेथें कोणीही देवाचें नांव काढीत नाहीं. अर्थात् गोट्यांच्या खेळांतून सारी नीति निघते असें मी म्हणत नाहीं. दुर्बळाला, ज्याला आपल्या खेळांत कोणी घेतच नाहीं त्याला, जवळ करणें ही त्यापुढची पायरी आहे, आणि ती मुलें घरांत जें रोज पाहतात त्यावरूनच चढतात. मोलकरणीला वेगळा कप ठेवणाऱ्या नास्तिकाच्या घरीं ती कधींच चढली जाणार नाहीं.

दुसरी गोष्ट पुराणांची. कित्येक सुधारक घरांतून रामायण, महाभारत, संतांच्या कथा मुलांच्या हातीं पडूं देत नाहींत. हें मला मुळींच मान्य नाहीं. नांदेडचे नरहर कुरुंदकर हे उघडउघड नास्तिक होते. त्यांचें देहावसान १० फेब्रुवारी १९८२ रोजीं आमच्याच शहरांत झालें. परंतु महाभारतावर आणि मनुस्मृतीवर त्यांनीं जें लिहिलें आहे तें वाचलें म्हणजे कळतें कीं, न मानणारा मनुष्यही परंपरेच्या घरांत किती आंतपर्यंत जाऊं शकतो. ज्या मुलाला अभिमन्यु ठाऊक नाहीं त्याला चक्रव्यूह हा शब्द कळत नाहीं, आणि ज्याला एकनाथ ठाऊक नाहींत त्याला पैठण हें केवळ धरणाचें गांव वाटतें. वेरूळ तर आपल्या उंबऱ्याशीं आहे. बौद्धांचीं १२, हिंदूंचीं १७ आणि जैनांचीं ५ अशीं ३४ लेणीं एकाच डोंगराच्या कुशींत, शेजारीं शेजारीं आहेत. मुलाला तेथें न्यावें. सोळाव्या लेण्यांतलें कैलास मंदिर वरून खालीं खोदीत आणलेलें आहे हें दाखवावें; रावण कैलास हलवितो त्या शिल्पाची कथा सांगावी; तिसऱ्या कोणाच्या तरी श्रद्धेवर हंसूं नये. तें मूल एकाच दिवसांत तीन धर्म पाहून येतें, आणि मग “यांतला खरा कोणता?” असें विचारतें. त्या प्रश्नाला घाईघाईनें उत्तर देऊं नये. “तुला काय वाटतें?” म्हणावें आणि ऐकावें.

प्रश्नांची थोरवी सांगणारें एक ठिकाण याच शहरांत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं येथें महाविद्यालय काढलें, त्याला पुढें मिलिंद हें नांव मिळालें आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षु नागसेन उत्तरें देतो, असा तो पालि ग्रंथ आहे. विद्यालयाला उत्तरें देणाऱ्याच्या आधीं प्रश्न विचारणाऱ्याचें नांव लाभावें, हें मला फार सूचक वाटतें.

आतां शाळा. येथें आईबापांना कायद्याची थोडी माहिती असणें अगत्याचें आहे. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणें संपूर्णपणें सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळेंत धार्मिक शिक्षण देतां येत नाहीं. आणि सरकारनें मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शाळेंत, स्वतःच्या अथवा मूल अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवांचून, कोणालाही धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस बसण्याची सक्ति करतां येत नाहीं. नाशिक येथील एका शिक्षकानें प्रार्थनेच्या वेळीं हात जोडण्याचें नाकारलें, तें प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें २०१३ सालीं त्या शिक्षकाच्या बाजूनें निर्णय दिला. २०१४ सालीं त्याच न्यायालयानें असेंही ठरविलें कीं, सरकार कोणालाही अर्जांत आपला धर्म लिहिण्याची सक्ति करूं शकत नाहीं, आणि ‘मला धर्म नाहीं’ असें सांगण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

परंतु अधिकार असणें निराळें आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं तो झेंड्यासारखा देणें निराळें. केरळांत १९८५ सालीं यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलें नाहीं म्हणून शाळेंतून काढण्यांत आलें होतें. पुढील वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला, आणि त्यांत एक गोष्ट महत्त्वाची मानली, ती ही कीं, तीं मुलें गात नसलीं तरी राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत. तीं मुलें आपल्या विषयाच्या अगदीं उलट्या टोंकाचीं, अत्यंत धार्मिक. तरीही त्यांचा तो स्तब्ध उभेपणा निधर्मी घरालाही उपयोगी आहे. आईबापांनीं हेडमास्तरांना काय कळवायचें तें स्वतः भेटून कळवावें. मुलानें प्रार्थनेच्या वेळीं शांत उभें राहावें. ओंठ हलवावे कीं नाहीं हें त्याचें त्याला ठरवूं द्यावें. पुष्कळ मुलांना चाल आवडते म्हणून तीं गातात, आणि त्यांत घराण्याच्या तत्त्वांचा कांहींही भंग होत नाहीं.

आजीच्या देवघराविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. तेथें घंटा वाजवावी, फुलें आणून द्यावीं, प्रसाद खावा. शिरा हा शिराच असतो. मुलाच्या हातून प्रसाद नाकारवून घेणारा बाप आपल्या आईशीं असलेलें जुनें भांडण मुलाच्या तोंडून भांडत असतो.

या साऱ्याहून अवघड प्रसंग घरांतल्या मृत्यूचा. आजोबा देवाघरीं गेले असें सांगितलें तर मूल विचारतें, केव्हां परत येणार? आजोबा झोंपले असें सांगितलें तर तें स्वतः झोंपायला भितें. म्हणून माझें मत असें कीं, “आजोबा मरण पावले, त्यांचें शरीर आतां चालत नाहीं, तें पुन्हां चालणार नाहीं,” हेंच शब्द सौम्यपणें वापरावे. हें क्रूर वाटतें, पण मुलाला संदिग्धतेइतकी क्रूर दुसरी गोष्ट नाहीं. अनेक निधर्मी कुटुंबांतील वडील मंडळी आपला देह वैद्यकीय महाविद्यालयास देण्याची इच्छा लिहून ठेवतात. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानें ही वाट मोकळी केली, आणि आपल्या शहरांत ‘घाटी’ म्हणून सर्वांना ठाऊक असलेलें सरकारी महाविद्यालय १९५६ पासून आहेच. हेतु उत्तम आहे. पण मुलाच्या बाजूनें पाहा. गाडी आली, आजोबांना घेऊन गेली, आणि संध्याकाळीं घर जसेंच्या तसें झालें! रक्षा नाहीं, दहावा नाहीं, तेरावा नाहीं. ज्या विधींना आपण निरर्थक म्हणून टाकतों, त्यांच्या पोटांत एक अतिशय शहाणी व्यवस्था दडलेली होती. तेरा दिवस कोणी तरी येऊन बसे, चूल शेजारी सांभाळीत, आणि मेलेल्या माणसाविषयीं पुनःपुन्हां बोललें जाई. पिंडाला कावळा शिवला काय आणि न शिवला काय. परंतु तें बोलणें टाकून चालत नाहीं. निधर्मी घरानें विधि गाळावा, पण तेरा संध्याकाळीं माणसें बोलवावीं. मुलानें आजोबांचा चष्मा, काठी, त्यांची वही हातांत घ्यावी. एक झाड लावावें आणि त्याला पाणी घालावें. दुःखाला कांहीं तरी हातानें करावयास लागतें, आणि लहानांच्या दुःखाला तर फारच.

याच कारणानें एकट्यादुकट्या निधर्मी घराची स्थिति मला कठीण वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं लाखों लोकांना बौद्ध धर्माची दीक्षा दिली आणि त्याबरोबर २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुन्या देवदेवतांचा स्पष्ट त्याग होता. मराठवाड्यांतल्या हजारों घरांतून देव्हाऱ्यांतल्या मूर्ति निघाल्या. परंतु त्या घरांतलीं मुलें एकटीं पडलीं नाहींत. त्यांच्यामागें वस्ती होती, विहार होतें, जयंती होती, लग्नाचा आणि बारशाचा नवा विधि होता. विवेकवादी प्राध्यापकाच्या घरांत ग्रंथांचीं कपाटें असतात, मात्र सण एकही नसतो. मुलाला वादांत जिंकतां येतें, पण नवे कपडे केव्हां घालायचे हें कळत नाहीं. तेव्हां अशा घरांनीं आपले सण ठरवावे. वाढदिवस, संक्रांतीचा तिळगूळ, दिवाळीचा फराळ, कोणाही धर्माच्या मित्राची ईद किंवा नाताळ, यांपैकीं जें आनंदाचें आहे तें घ्यावें. त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नाहीं.

पूर्वीं हें कोणी केलें आहे काय, असें विचाराल तर केलें आहे. गोपाळ गणेश आगरकरांची तर जिवंतपणींच प्रेतयात्रा निघाली होती. १८९५ सालीं ते अवघे ३८ वर्षांचे असतां वारले. रँग्लर र. पु. परांजपे हे आपला बुद्धिवाद कधींही लपवीत नसत. त्यांची मुलगी शकुंतला केंब्रिजला गणित शिकली, पुढें संततिनियमनाचें कार्य करून राज्यसभेंत गेली. आणि नात सई हिला आपण नाटककार व चित्रपटदिग्दर्शक म्हणून ओळखतोंच. मुलें बिघडतील या भीतीला हें उत्तर पुरेसें आहे. मात्र ज्या घरामागें केंब्रिजचें वलय होतें त्या घराला शेजाऱ्यांनीं जें सोसलें तें सिडकोंतल्या एखाद्या कारकुनाला सोसतील असें नाहीं. आंध्रांतले गोरा, म्हणजे गोपराजु रामचंद्र राव, यांनीं १९४० सालीं निरीश्वरवादी केंद्र काढलें. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षीं जन्मलेल्या मुलाचें नांव त्यांनीं लवणम् ठेवलें आणि महायुद्धाच्या वेळच्या मुलाचें समरम्. थोरल्या मुलीचें लग्न त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या तरुणाशीं ठरविलें, तेव्हां तें सेवाग्रामांत ईश्वराच्या नांवाऐवजीं सत्याच्या नांवें लावण्यास गांधीजींनीं संमति दिली होती. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्यें, तें लग्न सेवाग्रामांतच झालें.

सर्वांना किंमत सारखी पडत नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. हिंदु घरांत जन्मलेल्या नास्तिकाला समाज बहुधा ‘विक्षिप्त’ म्हणून सोडून देतो. कायदाही त्याला वारसाहक्कासाठीं हिंदूच धरतो. मुसलमान घरांत जन्मलेल्याला एवढी मोकळीक नसते. हमीद दलवाई यांनीं २२ मार्च १९७० रोजीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें आणि १९७७ सालीं ते वारले तेव्हां त्यांच्याच इच्छेप्रमाणें कोणत्याही धर्मविधीवांचून त्यांचें दहन झालें. या वाटेवर त्यांना आप्तांचा आणि समाजाचा केवढा रोष पत्करावा लागला! डॉ. नरेन्द्र दाभोलकरांनीं आपल्या मुलाचें नांव हमीद ठेवलें तें त्यांच्याच स्मरणार्थ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली. १० मे २०२४ रोजीं न्यायालयानें ज्या दोघांना जन्मठेप सुनावली ते तरुण आमच्याच जिल्ह्यांतले निघाले. तेव्हां मुलें वाढविण्याची गोष्ट एका बाजूच्या घरांपुरती नाहीं.

आणि जात? देव सोडणें सोपें असतें. आडनांव तसेंच राहतें, आणि मुलगी पंचविशीची झाली म्हणजे तीच निरीश्वरवादी मंडळी ‘आपल्यांतला’ मुलगा शोधूं लागतात. तसें करावयाचें असेल तर देव्हारा काढण्याचा खटाटोप कशासाठीं केला, हें मुलीनें विचारलें तर उत्तर तयार असावें. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें धर्म न बदलतां, पुरोहितावांचून नोंदणीनें लग्न लागतें. त्यासाठीं तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या तीस दिवसांत घरच्यांचें धैर्य कळून येतें.

शेवटीं उरतो तो उलटा प्रसंग. अशा घरांत वाढलेली मुलगी एके दिवशीं म्हणते, “मला नाथषष्ठीला पायीं पैठणला जावयाचें आहे.” आईबापांना क्षणभर आपलें सारें केलेलें वायां गेलें असें वाटतें. तिला वाद घालून थांबविण्याचा अधिकार त्यांना नाहीं; ज्या स्वातंत्र्यावर त्यांनीं आपलें घर उभारलें तें तिचेंही आहे. फाल्गुनाचें ऊन कडक असतें. आईनें तिच्या पिशवींत पाण्याची बाटली आणि पायांना लावावयाचें तेल ठेवावें, आणि ती परत आली म्हणजे वाटेंत कोण कोण भेटलें तें विचारावें.